मान खाली, हात वर

वेन्डेल ब्रॉडनॅक्सचा पाय डॅरियन पेटवेच्या गालावर पडला, तेव्हा ते आधी त्याच्या लक्षातच आलं नाही. स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीवरची खेळाडूंची भलीमोठी चित्रं दर मार्चमध्ये उतरवतात आणि नव्या हंगामाची चढवतात. उतरवलेलं एक चित्र कामगारांनी फरशीवर पसरलं होतं, गुंडाळायला घेतलं होतं, आणि हा एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन धरून, पलीकडच्या माणसाशी हसत बोलत सरळ त्याच्यावरून चालत गेला. ‘कोच, पाय,’ खाली उकिडवा बसलेला कामगार म्हणाला. वेन्डेलने पाय उचलला. पाईनच्या झाडांचे पिवळे पराग त्या आठवड्यात सगळ्या गावावर बसले होते, गाड्यांच्या टपांवर, बाकांवर, चर्चच्या पायऱ्यांवर, बुटांच्या तळव्यांना. त्याच्या बुटाचा पिवळा ठसा डॅरियनच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या जरासा खाली, अगदी स्वच्छ उमटला होता. ‘पुसू का?’ वेन्डेलने विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःलाच कसंसं वाटलं. ‘आता कुणाला बघायचंय,’ कामगार म्हणाला आणि त्याने गुंडाळी पुढे ढकलली. आधी कपाळ गेलं, मग डोळे, मग तो ठसा, मग बगलेत चेंडू दाबलेला हात, आणि शेवटी ते दोन पाय, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता. फोनवरचा माणूस अजून बोलतच होता. तो टेक्सासमधल्या एका मुलाचा मामा होता, आणि भाच्याला वसतिगृहात खोली कितव्या मजल्यावर मिळेल, याची चौकशी करत होता.

आपल्या खोलीत येऊन वेन्डेलने बूट पायपुसण्यावर घासला. पुन्हा घासला. चित्रच तर होतं, त्यात एवढं काय, असं त्याने स्वतःला सांगितलं; पण ज्या माणसाला काही वाटत नाही, तो माणूस असं स्वतःला सांगत बसत नाही. दुपारी पंचांची बैठक होती आणि तिच्यात याच डॅरियनचा निकाल लागायचा होता. पंच म्हणजे संघातली नऊ थोराड मुलं. कुणी गैर वागलं की त्याला ठेवायचं की काढायचं, हे कोचने ठरवायचं नाही, त्याच्याबरोबर घाम गाळणाऱ्या मुलांनी ठरवायचं, ही कल्पना वेन्डेलची स्वतःची होती. रीतही त्यानेच घालून दिली होती. नऊ जणांनी टेबलाला कपाळ टेकवायचं, डोळे मिटायचे. ज्याला वाटेल की हा जावा, त्याने हात वर करायचा. हात फक्त वेन्डेलने बघायचे. निकाल फक्त त्या मुलाला सांगायचा, तोही वेन्डेलनेच. कुणी हात वर केला आणि कुणी नाही, हे मुलांनी एकमेकांना विचारायचं नाही. विचारणं म्हणजे उघडं पडणं. या रीतीचं वर्तमानपत्रांनी भारी कौतुक केलं होतं. कोचने केलेली शिक्षा पाठीला लागते, भावंडांनी केलेली काळजाला लागते, असं वेन्डेलने तेव्हा माइकसमोर सांगितलं होतं, आणि संध्याकाळी घरी स्वतःचं ते वाक्य टीव्हीवर दोनदा ऐकलं होतं.

डॅरियनचा गुन्हा असा, की त्याने वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह कुबडीने फोडला. मायक्रोवेव्ह. ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी आधी ‘पुढच्या हंगामात’ म्हटलं, मग ‘बघू’ म्हटलं, मग वेन्डेलला बाजूला घेऊन मान हलवली. मुलगा खोलीत पडून राहू लागला. कुणीतरी त्याला लंगडा घोडा म्हणालं, म्हणणाऱ्याच्या मनात थट्टेपलीकडे काही नव्हतं, आणि याने म्हणणाऱ्याला काही न करता कुबडी मायक्रोवेव्हवर घातली. खरं म्हणजे ही सुधारणाच होती. माणूस सोडून यंत्रावर हात टाकला, याबद्दल दोन वर्षांपूर्वी वेन्डेलने त्याच्या पाठीवर थाप मारली असती. गुडघा शाबूत होता तेव्हा, सप्टेंबरातच, डॅरियनने एका बारच्या दाराशी तिथल्या रखवालदाराचं नाक फोडलं होतं. तेव्हा पंच बसले नव्हते. तेव्हा वेन्डेल स्वतः गाडी काढून गेला, पोराला मागच्या सीटवर आडवं करून आपल्या घरी घेऊन आला, आणि सकाळी त्याच्या बायकोने, लॉरेटाने, पोरापुढे अंडी आणि मक्याच्या ग्रिट्सची वाटी ठेवली. रखवालदाराला उरलेल्या हंगामाची तिकिटं गेली, तीही पुढच्या रांगेची. तो नाकावरची पट्टी मिरवत येऊन बसायचा आणि डॅरियन पळाला की सगळ्यांत आधी उभा राहायचा. दुभत्या गाईच्या लाथा गोड, म्हणतात ते खोटं नाही. फक्त गाय आटली की त्याच लाथेची मोजदाद सुरू होते.

या मुलाला घ्यावं की घेऊ नये, यावरून तो यायचा होता त्या वर्षी गावाने डोकं उठवलं होतं. शाळेत असताना डॅरियनने गाड्या लावायच्या जागेत लायल नावाच्या मुलाचा जबडा मोडला होता, त्यापायी चार महिने सुधारगृहात काढले होते, आणि आधी गळ्यात गळा घालणाऱ्या दुसऱ्या एका विद्यापीठाने काखा वर केल्या होत्या. रेडिओवर रोज सकाळी लोक फोन करून भांडत. इथला फुटबॉल पायापेक्षा खांद्याने खेळायचा, चेंडू छातीशी धरून समोरच्याला तुडवत जायचं. तिथे गाईसारखी गरीब मुलं घेऊन काय करायचं, असं एक बाजू म्हणे. दुसरी म्हणे, गुंड पोसायला आम्ही मुलांना विद्यापीठात पाठवतो का? एकदा लायलच्या आईचाच फोन लागला. ती बाई भांडली नाही. ‘घ्या त्याला,’ ती म्हणाली, ‘पण माझा मुलगा अजून डाव्या बाजूने चावत नाही, एवढं लक्षात असू द्या.’ रेडिओवाल्याने मग हवामान सांगितलं. प्राध्यापकांच्या सभेत वेन्डेलला उभं केलं गेलं. तो पुन्हा पुन्हा दुसऱ्या संधीबद्दल बोलत होता, मुलगा बिघडलेला नाही, बिघडवलेला आहे असं म्हणत होता, आणि समोरची माना हलवणारी डोकी बघून त्याला चर्चमध्ये उभं राहून बोलणाऱ्या आपल्या बापासारखं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात इतिहास शिकवणारी एक बाई उठली. ‘ही दुसरी संधी तुम्ही फक्त वेगाने पळणाऱ्यांनाच कशी काय देता?’ तिने विचारलं. वेन्डेलने एक क्षणही घेतला नाही. ‘बाई, हळू पळणारे आमच्या दारापर्यंत पोचतच नाहीत,’ तो म्हणाला, आणि सगळी सभा हसली. ती बाई सुद्धा हसली. त्या हसण्यात डॅरियनचा प्रवेश झाला.

ते उत्तर त्याला इतकं झटकन सुचलं, याचं कारण त्यालाच ठाऊक होतं. हळू पळणारा तोच होता. वेन्डेल लहानपणापासून सज्जन होता आणि सावकाश होता. चर्चचा कारभार बघणाऱ्या माणसाचा मुलगा, वेळेवर येणारा, बूट पुसलेला, सगळ्यांना ‘सर’ म्हणणारा. चार वर्षं तो बाकावर बसला आणि त्याला दुसरी सोडाच, धड पहिली संधीही कुणी दिली नाही. त्याने कधी कुणाचं काही फोडलं नाही, म्हणून त्याला वाचवायला कधी कुणी गाडी काढून आलं नाही. पुढे कोच झाल्यावर त्याला कळलं, की आपल्याला एक गोष्ट येते. रानटी मुलं आपल्यापाशी मऊ होतात. ज्यांनी आयुष्यात कुणाला मोजलं नाही, ती आपल्या खांद्यावर डोकं ठेवून रडतात. त्या रडण्याची त्याला चटक लागली. याला तो प्रेम म्हणत असे आणि ते प्रेम नव्हतं असंही नाही; पण मुलगा सुधारला, अभ्यासाला लागला, शहाण्यासारखा वागू लागला, की वेन्डेलला त्याचा हळूहळू कंटाळा येई आणि तो पुढचा रानटी मुलगा शोधायला निघे. लॉरेटा एकदा म्हणाली होती, तुला मुलं आवडत नाहीत, तुला जखमा आवडतात. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

डॅरियनला आणायला तो मिसिसिपीत गेला तेव्हाचं सगळं त्याला आज सकाळपासून आठवत होतं, आणि आठवत होतं ते चवीसकट. आई पोराला बहिणीच्या दारात सोडून गेलेली; वाढवलं ते या वर्लीनमावशीने, मासे साफ करायच्या कारखान्यात उभं राहून. मुलं जमवत फिरणाऱ्या कोचचा पहिला नियम असा, की घरात जे पुढे येईल ते खायचं आणि पुन्हा मागून घ्यायचं. त्याच्या आधी एक कोच येऊन गेला होता, त्याने पोटाचं कारण सांगून ताट बाजूला सारलं, आणि तो तिथेच बाद झाला. वेन्डेलला साखरेचा आजार. तरी त्याने डुकराच्या मानेची हाडं चोखली, भात दोनदा घेतला, केळ्याचं पुडिंग पातेल्याच्या तळापासून खरवडून खाल्लं, आणि मग गाडीत जाऊन इंजेक्शन घेतलं. मावशी त्याच्या खाण्याकडे बघत बसली होती. मग ती म्हणाली, ‘हे बघ लेकरा, तो चुकला तर त्याला झोड. उपाशी ठेव. पळव, पडेपर्यंत पळव, मी विचारायला येणार नाही. पण आपण कुणालाच नकोय, असं त्याला वाटू देऊ नकोस. तेवढं एक झालं ना, की तो माझाही राहत नाही आणि देवाचाही राहत नाही. त्याची आई गेली त्या दिवशी त्याने माझ्या घरातली एकूण एक बशी फोडली. सहा वर्षांचा होता.’ वेन्डेल उठला, त्याने डॅरियनच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की तिथे त्याला शंभर भाऊ मिळतील. हे तो सगळ्याच घरांत सांगायचा. पण त्या दिवशी सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, आणि गंमत म्हणजे पुढे तसंच झालं. डॅरियनला भाऊ मिळाले. विशेषतः एक, ओडेल क्रम्प्टन, त्याच्याच खोलीतला, सहा फुटांवर गेलेला, बोलायला लाजणारा मुलगा. शस्त्रक्रियेनंतर त्याला आंघोळ घालायचा तो ओडेलच.

सकाळी मुख्य कोच मॅकाल्पिनने वेन्डेलला बोलावून घेतलं होतं. मॅकाल्पिन कधी आवाज चढवत नसे; त्याच्या हाताखालची माणसं त्याच्यासाठी आपापला आवाज चढवत. शिष्यवृत्तीच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या भरलेल्या होत्या. टेक्सासचा पोरगा यायचा तर कुणीतरी जायला हवं होतं. तो पोरगा डॅरियनपेक्षा वेगवान होता. त्याने आधीच्या विद्यापीठात एका मुलीला जिन्यावरून ढकललं होतं, पण ते प्रकरण मिटलं होतं, निदान मिटलं असं म्हणतात तेवढं तरी मिटलं होतं. त्याला वेन्डेलनेच हेरलं होतं. गेल्याच आठवड्यात त्याच्या घरी तो बार्बेक्यू खाऊन आला होता. मॅकाल्पिन खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणाला, की गुडघा गेला म्हणून मुलाला काढता येत नाही, पेपरवाले सोलून काढतील. वागणुकीसाठी मात्र काढता येतं, आणि कुणी ब्र काढत नाही. मग त्याने असंही सांगितलं, की उत्तरेकडच्या एका लहान विद्यापीठाला मुख्य कोच हवाय, त्यांनी वेन्डेलबद्दल विचारलंय. या दोन गोष्टी त्याने वेगवेगळ्या सांगितल्या, मध्ये पाण्याचा घोट घेतला. ‘मी तुला काही सांगत नाही, वेन्डेल. पोरं ठरवतील. पोरं नेहमी बरोबर ठरवतात, तुझंच म्हणणं आहे ना हे?’ वेन्डेल म्हणाला, ‘हो सर.’ जिना उतरताना त्याला हलकं वाटलं. मायक्रोवेव्हच्या आवाजाने अर्धा मजला घाबरून बाहेर आला होता, पोरं वैतागलेली होती, पंच त्याला काढतील. सुंठीवाचून खोकला जाईल. आपण फक्त निरोप्या. आणि मग मावशीला फोन करायचा, जड आवाजात, आणि तो आवाज जड करावा सुद्धा लागणार नाही.

बैठकीच्या खोलीत दुखण्यावर लावायच्या मलमाचा वास होता. नऊ जण बसले. वेन्डेलने प्रकरण सांगितलं, आणि सांगताना त्याने ऑक्टोबरनंतरच्या डॅरियनचे सगळे दोष ओळीने लावले. उपचारांना दांड्या, वर्गात झोपणं, आणि शेवटी कुबडी. सप्टेंबरच्या नाकाचाही उल्लेख त्याने केला, आणि केल्यावर दोनतीन मुलांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, कारण त्या नाकाबद्दल बोलायचं नाही, असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. ‘डोकी खाली,’ तो म्हणाला. नऊ कपाळं टेबलाला टेकली. एवढाल्या मानांची ती मुलं तशी वाकली की प्रत्येक वेळी त्याला शाळेतली लहान पोरं आठवत आणि तो हळवा होई. आज तो फक्त हात बघत होता. ‘ज्याला वाटतं डॅरियन जावा, त्याने हात वर.’ खोलीत एसी घरघरत होता. एक हात वर आला. संघात फक्त चेंडूला लाथ मारायला घेतलेल्या गोऱ्या मुलाचा, जो कुणाच्याच भांडणात नसतो आणि म्हणून सगळ्यांचाच न्याय करतो. एकच. वेन्डेल थांबला. त्याने टेबलाच्या कडेकडेने नजर फिरवली, जणू हात कुठेतरी अडकले असतील. मग त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. ‘पुन्हा विचारतो,’ तो म्हणाला. ‘नीट विचार करा. संघाचा विचार करा.’ दुसऱ्या टोकाला एक कोपर टेबलावरून उचललं गेलं, हवेत जरासं राहिलं आणि परत खाली गेलं. ओडेल अगदी त्याच्यासमोर होता. त्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले होते आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून बसला होता. चुकून सुद्धा वर जाऊ नयेत म्हणून. वेन्डेलला त्या मुलाचा संताप आला. इतका सरळ, इतका खोल संताप त्याला कित्येक वर्षांत कुणाचा आला नव्हता. बाकावर चार वर्षं बसलेल्या वेन्डेलसाठी असं हातांवर कुणी बसलं नव्हतं.

मुलं उठली. रीतीप्रमाणे कुणी कुणाकडे बघितलं नाही. एकेक जण खुर्ची आत सरकवून बाहेर गेला, आणि वेन्डेलला कळत होतं की दोनदा विचारलेला प्रश्न सगळ्यांनी ऐकलाय आणि आता प्रत्येक जण बाकीच्यांचे हात मनातल्या मनात मोजतोय. ओडेल दाराशी रेंगाळला. आपण डॅरियनला सांगावं का, घाबरू नकोस म्हणून, असं त्याने जमिनीकडे बघत विचारलं. रीत काय आहे, असं वेन्डेलने उलट विचारलं. तुम्हीच सांगायचं, ओडेल म्हणाला. मग? मग तो गेला, त्याचा संध्याकाळपर्यंत वर्ग होता. वेन्डेल जिना चढून वर आला. अजूनही त्याला खरं सांगायचं होतं. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्याच्या तोंडात खरंच होतं. मॅकाल्पिनने वर न बघता विचारलं, पोरांनी काय ठरवलं. ‘त्याने जावं म्हणाली,’ वेन्डेल म्हणाला. हे शब्द तोंडातून इतके सहज गेले, की जणू दुसऱ्या कुणाचा निरोप होता. मॅकाल्पिनने चष्मा काढला, डोळे चोळले, कठीण असतं म्हणाला, आणि किती हात होते हे विचारलं नाही. त्या न विचारण्यात वेन्डेलला सगळं कळलं, आणि त्याला कळलंय हे मॅकाल्पिनलाही कळलं. कागदपत्रं मागाहून होतील, मुलगा आजच घरी गेलेला बरा, एवढंच ठरलं. बाहेर व्हरांड्यात उभं राहून वेन्डेलने विचार केला, की मी त्याला सांगू शकतो, बाबा रे, तुझा गुडघा गेला आणि आम्हाला तुझी जागा हवीय. हे खरं होतं आणि पोरगा ते समजलाही असता. असली खरी माणसं त्याने लहानपणापासून बघितली होती. पण मग त्याने वेन्डेलकडे ज्या नजरेने बघितलं असतं, ती नजर वेन्डेलला नको होती. त्याला त्या पोराच्या मनातलं आपलं चित्र शाबूत हवं होतं. बाकी काय मोडायचं ते मोडो.

डॅरियनने खोली आवरून ठेवली होती. पलंगांच्या चादरी ताणून घातल्या होत्या, ओडेलचे बूट सुद्धा जोडीने लावले होते. तो खिडकीशी पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर पट्ट्यांचा पिंजरा, आणि वेन्डेलला बघून हसला. ‘काय कोच, किती महिने भांडी घासायची?’ तो म्हणाला. वेन्डेल त्याच्यासमोर ओडेलच्या पलंगावर बसला. काही बोलला नाही. हे न बोलणं त्याला चांगलं यायचं. डॅरियनचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून तो निघून गेला.

‘कोण कोण?’ त्याने विचारलं.

‘ते सांगायचं नसतं, पोरा. तुला माहितीय.’

‘बरीच होती का?’

‘मी फार झगडलो तुझ्यासाठी,’ वेन्डेल म्हणाला. ‘दोनदा विचारलं मी. कधी विचारत नाही, पण तुझ्यासाठी विचारलं.’

डॅरियनने मान हलवली. तो बराच वेळ पट्ट्यांमधला एक चिकटवलेला बंद सोडवत होता आणि लावत होता. मग म्हणाला, ‘ओडेल नसेल. बाकीच्यांचं ठीक आहे. ओडेल नसणार.’ हे त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आणि इथे वेन्डेलला थांबता आलं असतं. ओडेल नव्हता, एवढं म्हणता आलं असतं, ते खरंही होतं, आणि पोराच्या हातात काहीतरी राहिलं असतं. पण मग हा ओडेलला भेटला असता. दोघं बोलले असते, ओडेलने दुसऱ्याला विचारलं असतं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे हात मोजून झाले असते. हा हिशेब त्याच्या डोक्यात एका श्वासात झाला, आणि तो होत असताना त्याला पोराची कीवही येत होती, अगदी मनापासून.

‘ओडेलचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला,’ वेन्डेल म्हणाला.

त्याला वाटलं होतं, आता हा काहीतरी फोडेल. आरसा, खिडकी, नाहीतर आपलं तोंड. त्याने पाय मागे घेऊन तयारीही ठेवली होती. आणि फोडलं असतं तर एका अर्थी बरंच झालं असतं, सगळं बरोबर ठरलं असतं. पण डॅरियनने काही फोडलं नाही. तो उठला, कुबडी घेतली, आणि कपाटातून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या काढून त्यात कपडे भरायला लागला. वेन्डेल मदतीला उठला. दोघं मिळून भरत होते. मध्येच ओडेलचा एक टी-शर्ट हाताला लागला. डॅरियनने त्याची व्यवस्थित घडी घातली, पलंगावर ठेवली आणि वर तळहात फिरवला. ‘तुमचा हात होता का, कोच?’ त्याने पाठमोरं राहूनच विचारलं. कोचला हात नसतो, वेन्डेलने सांगितलं. ‘मग तुम्ही एकटेच राहिलात,’ डॅरियन म्हणाला, आणि वळून त्याने वेन्डेलच्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढा मोठा मुलगा, कुबडीवर अर्धा लटकलेला, आवाज न करता रडत होता, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभ्या असलेल्या वेन्डेलच्या अंगातून ती जुनी ऊब वर चढत गेली. त्याचेही डोळे भरले. ते अश्रू खरे होते. आपण वाईट माणूस असतो तर हे अश्रू आले नसते, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याने त्याला फार बरं वाटलं.

बस स्थानक गावाबाहेर, हमरस्त्याला लागून होतं. ऊन उतरलं होतं तरी गाड्यांच्या काचांवर पिवळी पूड तशीच होती, वेन्डेलने वायपर चालवले आणि ती आणखीच पसरली. मागच्या सीटवर काळ्या पिशव्या एकमेकींवर रेलल्या होत्या. मावशीला आपण फोन करतो, असं तो म्हणाला; नको, मीच सांगेन, डॅरियन म्हणाला. रस्ता वळला तेव्हा त्याच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. वेन्डेलने तिरप्या नजरेने बघितलं. ओडेलचं नाव होतं, वर्ग सुटला असणार. फोन थांबला, आणि लगेच पुन्हा वाजला. थांबला. तिसऱ्यांदा वाजला. आता याने तो एकदा नुसता कानाला लावला, की संपलं. डॅरियन त्या नावाकडे बघत राहिला, अनोळखी भाषेतलं काही वाचावं तसा. मग त्याने अंगठ्याने फोन बंद केला, अगदी पूर्ण बंद केला, काच खाली करून तो रस्त्याकडेच्या गवतात टाकून दिला, आणि काच वर केली.

‘बरं केलंस,’ वेन्डेल म्हणाला.